खटका पडतो तेव्हा



या वेळी लेख लिहायची सेवा माझ्याकडे आली. मोठ्या विषयावर लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही, म्हणून घरातलीच गोष्ट सांगते. त्यात माझी चूक आहे, ती लपवत नाही.

गुरुपौर्णिमेनंतरचे दिवस होते. आमच्या इंदूरला पावसानं धरलेलं. घरातली लाइट सारखी जायची. बाकी कॉलनीत असायची, फक्त आमच्याकडे नाही. बघावं तर मेन बोर्डातला खटका पडलेला. दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की हे सकाळी साडेनऊ-दहालाच होतं, म्हणजे आमच्या कामवाल्या बाई मशीनला कपडे लावतात तेव्हा.

झालं! मी त्यांना सरळ म्हटलं, "ओल्या हातानं बटणं दाबता, त्याचंच हे." त्या म्हणाल्या, "नहीं भाभी, हाथ पोंछ के ही दबाती हूँ।" मी ऐकलं नाही. मशीन बंद केलं. पाच दिवस त्यांनी चादरींसकट सगळे कपडे हातानं धुतले. या पाच दिवसांतही दोनदा खटका पडलाच. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण एकदा मनानं दोषी ठरवला, की पुरावा समोर असूनही दिसत नाही.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडेही असंच व्हायचं. आम्ही ते काढून डायरेक्टच करून घेतलं. आता कटकट नाही." मला पटलं. वायरमनकाका आल्यावर मी तेच सांगितलं. ते आमच्याकडे वीस वर्षं येतात. त्यांनी एवढंच विचारलं, "मशीनपाशी पाण्यात उभं कोण असतं?"

मी गप्प झाले. उभ्या बाई असतात. अनवाणी. माझी कटकट जाणार होती, आणि धोका त्यांच्या पायाशी जाणार होता. मी हे ठरवून करत नव्हते, पण विचारच केला नाही, हेही खरंच.

मग काकांनी समजावलं. बोर्डात दोन तऱ्हेचे खटके असतात. एमसीबी तारा सांभाळतो. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं, की तो पडतो. आरसीसीबी माणसाला सांभाळतो. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का, हे तो बघतो. घरातल्या आरसीसीबीला 30 मिलीअँपिअरचा फरक पुरतो. 2000 वॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, त्याच्या साधारण तीनशेवा हिस्सा. एवढी वीज कमी परत आली, म्हणजे ती कुठून तरी जमिनीत गळतेय. ती वाट माणसाच्या अंगातूनही असू शकते. एमसीबीला एवढीशी गळती कळतच नाही.

शोधायची रीत सोपी होती. सगळे एमसीबी खाली, सगळे प्लग काढलेले, मग आरसीसीबी वर. तो टिकला. मग एकेक एमसीबी वर, मग एकेक वस्तू. फ्रिज, मिक्सर, गीझर, सगळं ठीक. मशीन पूर्ण फिरवलं, तेही ठीक. माझा चेहरा पडला.

काकांनी मग बाईंना विचारलं, "मशीन लावल्यावर तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "गॅलरी धोती हूँ।" हा प्रश्न आठवडाभरात त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडला होता. गुरुपौर्णिमेला दिव्यांची माळ मीच लावली होती. माळेचं बटण बंद असायचं, पण भिंतीवरचं चालू. म्हणजे बोर्डापर्यंत वीज हजर. काकांनी मेन बंद करून प्लग काढला आणि बोर्ड उघडला. आत साबणाचं पाणी, पिना गंजलेल्या. तो बोर्ड टाकून दिला, तेव्हापासून खटका पडलेला नाही.

भक्तीनं लावलेली माळ, म्हणून माझा संशय तिकडे गेलाच नाही. तपासायच्या यादीत मी सगळ्यांना घेतलं होतं, स्वतःला सोडून.

तेव्हापासून मनात एक प्रश्न आहे. आपल्याला थांबवणारं काही आलं, की आपण दोनच गोष्टी करतो. जवळ उभा असेल त्याला दोष देतो, नाहीतर थांबवणाऱ्याचंच तोंड बंद करतो. घरातलं म्हातारं माणूस टोकतं, आतलं मन टोकतं, सद्गुरूंची शिकवण टोकते. आणि आपण डायरेक्ट करून घेतो. कोणी म्हणेल, टोकणाराही चुकू शकतो. बरोबर आहे. आरसीसीबीही बिघडतो. मग तो तपासून बदलावा, काढून टाकू नये. त्याच्यावर टेस्टचं बटण त्यासाठीच असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघा, खटका पडला पाहिजे. नाही पडला, तर लगेच वायरमनला बोलवा. बोर्ड उघडायचं काम आपण करायचं नाही.

बाईंची माफी मागायला मला आणखी तीन दिवस लागले. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर अहंकारही होता. शेवटी चहा पिताना म्हटलं, "गलती मेरी थी।" त्या म्हणाल्या, "जाने दो भाभी।" त्यांनी सोडून दिलं. पण त्या पाच दिवसांच्या चादरी मी अजून विसरलेले नाही, आणि विसरूही नये असंच वाटतं.

जय गुरुदेव.

– एक सेविका, इंदूर