फाट्यावरचा वेग

परभणी जिल्ह्यात बरीचशी गावं हमरस्त्यापासून आत असतात आणि रस्त्यावर असतो तो त्यांचा फाटा. एसटीचा थांबा, चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, दप्तरं घेऊन उभी राहिलेली पोरं. गाव एका अंगाला, शेत दुसऱ्या अंगाला. म्हणून बैलगाडी, शेळ्या, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाया दिवसभर रस्ता ओलांडत असतात. पाथरी-मानवतकडे जा, नाहीतर जिंतूर-गंगाखेडकडे, चित्र हेच.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता खचतो. वर्षानुवर्षं वेगाला आवर घातला तो खड्ड्यांनी. आता बऱ्याच ठिकाणी रस्ते रुंद, गुळगुळीत झाले. ते व्हायलाच हवे होते. अडलेल्या बाळंतिणीला परभणीला नेणाऱ्या घराला विचारा. पण रस्ता बदलला, फाटा तिथेच राहिला.

ताशी ८० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. आडवी आलेली शेळी दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. पुढे ब्रेक लागल्यावर ४०च्या वेगाला जेवढं अंतर लागतं, त्याच्या चौपट ८०ला लागतं. आणि एवढं करून हाती काय येतं? परभणी ते गंगाखेड सुमारे ४० किलोमीटर. ६०ऐवजी ८०ने गेलं तर १० मिनिटं वाचतात, तीही वाटेत कुठे थांबावं लागलं नाही तर. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेत साध्या रस्त्यावर मोटारीला ७०ची मर्यादा आहे. ती कमाल मर्यादा आहे. पोरं उभी असलेल्या फाट्यावर ७०सुद्धा फार झाले.

एखादा जीव गेला की रास्ता रोको होतो आणि रातोरात मुरमाचा नाहीतर सिमेंटचा उंचवटा उभा राहतो. गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. दुःखातून, संतापातून ते घडतं. पण पांढरे पट्टे नसलेला, अलीकडे फलक नसलेला तो अरुंद उंचवटा अंधारात दुचाकीवाल्याला दिसत नाही आणि मागे बसलेली बाई उडून पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५च्या आसपास त्यावरून गाडी सुखरूप जाते, कुणाचं कंबरडं मोडत नाही. ग्रामसभेने ठरावात हीच मापं लिहून मागणी करावी, आणि रस्ता होत असतानाच करावी. डांबर पडून गेल्यावर दाद मागत फिरण्यात वर्षं जातात.

ऊसतोडीच्या दिवसांत तर रात्रीचा वेग जास्तच जिवावर बेततो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर हळूहळू चाललेला असतो, मागचा लाल दिवा बाहेर आलेल्या वाढ्यांत झाकून जातो. मोटारीचा डिपर चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडचं धड दाखवत नाही, आणि ८०च्या गाडीला थांबायला त्याहून जास्त अंतर लागतं. ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. चमकणारी पट्टी किंवा कापड मात्र कितीतरी लांबून उजळून दिसतं, आणि त्याला खर्चही थोडा. ऊस खाली करून ट्रॉली कारखान्याबाहेर पडताना फाटकावरच ते बघून बांधायला हवं, हंगामाच्या पहिल्या खेपेपासून.