हिशेब मागणे ही टेहळणी नव्हे

निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार आपली मालमत्ता, देणी आणि दाखल गुन्हे शपथपत्रात जाहीर करतो, तेव्हा काही जण विचारतात : इस्लामने दुसऱ्याच्या उणिवा झाकायला शिकवले, टेहळणी निषिद्ध केली (अल्-हुजुरात : १२), मग कुणाच्या घरातील पैशाची विचारपूस आपण का करावी?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘अमानत’ या शब्दात आहे. माणसाचे खासगी दोष हा तो आणि त्याचा रब यांच्यातील विषय. सार्वजनिक पद मात्र लोकांनी सोपवलेली ठेव आहे. ठेव ज्याची, हिशेब मागण्याचा हक्कही त्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांविषयी मतदाराचा हा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला. आज जामखेड नगरपरिषदेपासून तालुक्यातील लहानशा ग्रामपंचायतीपर्यंत उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेबही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब नुसार, सबळ कारणाशिवाय हा हिशेब न देणारा ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. जकात गोळा करून परतलेले इब्नुल्-लुत्बिय्या म्हणाले, हा भाग तुमचा आणि हा मला भेट मिळालेला. यावर पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मिंबरवरून जाहीरपणे विचारले की, असा माणूस आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या काय? हजरत उमर (रजि.) अधिकारी नेमताना त्याच्या मालमत्तेची नोंद करून घेत, असे इतिहासकार सांगतात. ही नोंद म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाला ती उद्याच्या आरोपापासून वाचवते.

परंतु हिशेब केवळ उमेदवाराचाच असतो काय? ज्या जेवणावळी, ज्या गाड्या, जी पाकिटे खर्चाच्या नोंदीत येत नाहीत, ती कुणीतरी स्वीकारलेली असतात. घेणारा गप्प राहतो, म्हणूनच देणाऱ्याचे खोटे शपथपत्र खरे ठरते. शपथेवर खोटे लिहिणे ही खोटी साक्षच आहे आणि आपले मौन तिला बळ देते.

याहून नाजूक बाब आपल्या मशिदींची आहे. ऐन निवडणुकीत कुणी सतरंज्या, पंखे किंवा इफ्तारचा खर्च देऊ करतो. अशा वेळी विश्वस्तांनी पैगंबरांची (स.) तीच कसोटी लावावी : हा गृहस्थ उमेदवार नसता, तर ही देणगी आली असती काय? आणि सरळ विचारावे, ‘ही रक्कम तुमच्या खर्चाच्या हिशेबात लिहिणार काय?’ उत्तर नकारार्थी असेल, तर सतरंजी जुनीच बरी. सजदा फाटक्या चटईवरही होतो. लपवलेल्या पैशाचे ओझे मात्र आखिरतमध्ये देणारा आणि घेणारा, दोघांनाही वाहावे लागेल.

अल्लाह आपल्याला अमानत ओळखण्याची व ती जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.