माशी कधी बदलावी?

पेत्र आणि अंद्रिया जाळी टाकणारे होते. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात, टेस्ट आणि इचेन या नितळ नद्यांवर, मासेमारीचा एक निराळा प्रकार चालतो. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाला गांडूळ लावायचे नाही. गळावरच पिसे आणि रेशीम गुंडाळून कीटकासारखी माशी बनवायची व ट्राउट माशापुढे अलगद सोडायची. (यात मासा फसतो. तेवढ्यापुरती ही तुलना आपण बाजूला ठेवू.) मासा आला नाही, की प्रश्न पडतो: माशी बदलावी, की तीच टाकत राहावी?

उतावळा माणूस घडोघडी माशी बदलतो. जाणता आधी पाहतो. मासा वर आला, जवळून निरखून परत फिरला, तर माशीतच काही चुकते आहे. पुष्कळदा ती मोठी असते. पण मासा हललाच नाही, तर? कदाचित आपली सावली पाण्यावर पडली असेल, किंवा दोरीच्या ओढीने माशी प्रवाहाबरोबर न वाहता आडवी खेचली जात असेल. तेथे दहा माश्या बदलून उपयोग नाही. उभे राहण्याची जागा बदलावी लागते.

संत इग्नाशियस लोयोला यांचा एक नियम असाच आहे. मन कोरडे पडले, प्रार्थना नकोशी झाली, की त्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. स्वतःला मात्र बदलावे, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण वाढवावे. एक नोव्हेना फळली नाही म्हणून लगेच दुसरी धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र हट्ट म्हणजे श्रद्धा नव्हे. फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या १८८६ व १८८९ च्या पुस्तकांनंतर तरंगती माशीच खरी, असा त्या नद्यांवर जणू धर्मनियम झाला. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने पाण्याकडे नीट पाहिले. वर आल्यासारखे वाटणारे मासे अनेकदा पृष्ठभागाच्या खालीच कीटक खात होते. १९१० साली त्यांनी पुस्तक लिहून बुडत्या माशीची बाजू मांडली. पुष्कळांना ते रुचले नाही.

आपल्या घरात मुलगा मिस्साला येईनासा होतो. आई दर रविवारी त्याच शब्दांत बोलते, बाबा त्याहून मोठ्या आवाजात. तो ऐकून, विचार करून नाही म्हणतो, की ऐकतच नाही? पहिले असेल, तर त्याचा प्रश्न समजून घेऊन वेगळे उत्तर शोधावे लागेल. दुसरे असेल, तर नवे शब्द शोधण्याआधी एखाद्या संध्याकाळी टीव्ही बंद करून, मिस्साचा विषय न काढता, त्याच्या शेजारी बसून पाहावे.