दीड तासाचे देशांतर

माझ्या नातवाला अंतरे काढण्याचा भारी नाद. परवा फराळाचे ताट मांडीवर घेऊन त्याने मोबाईलवर मुंबई ते नागपूर हवाई अंतर काढले आणि मोठ्याने वाचले : सुमारे ६८० किलोमीटर, वेळ दीड तास. "आजोबा, आपण सोनिवलीहून दादरला जाऊन येऊ त्याच्या आधीच विमान पोचेल!" हिशेब खोटा नव्हता. रिक्षा, पूल, लोकल असे करीत विमानतळ गाठायलाच आम्हांला विमानातल्या प्रवासाहून अधिक वेळ लागतो. मी हसलो खरा. पण तोंडातली चकली तशीच घोळत राहिली.

दूर कशाला म्हणावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. मृत्यूची बातमी उशिरा कळल्यास सुतक किती, हे ठरविताना धर्मशास्त्रकारांना 'देशांतर' म्हणजे काय ते सांगावे लागले. मध्ये महानदी असेल, पर्वत आडवा असेल किंवा भाषा बदलत असेल तर ते देशांतर, असे एक मत. कोणी साठ योजने म्हणाले, कोणी चाळीस, कोणी तीस. लोक याला काथ्याकूट म्हणतील. मला त्यात माणुसकी दिसते. जो पोचूच शकत नाही त्याला अंतराच्या मापाने थोडी क्षमाही मोजून दिली होती.

माझ्या लहानपणी नागपूरची आत्या गेल्याचे कार्ड चौथ्या दिवशी आले. वडील उल्हास नदीवर अंघोळ करून आले आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिले. त्यांना कोणी दोष दिला नाही.

पुढे विमानाने अंतर खाल्ले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्या चिमुकल्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या. आधी पत्रे उडाली, माणसे मागून. पण अंतराबरोबर ती क्षमाही गेली की काय? तिकिटाला पैसे नसलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला नागपूर आजही साठ योजनेच आहे. पुराचीही वेगळी : २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा हाकेच्या अंतरावरचे आम्ही तिच्यापासून देशांतरालाच होतो. माझ्यापाशी मात्र पैसे होते आणि आभाळ निरभ्र होते.

दोन वर्षांमागे दादा आजारी पडल्याचा पुतण्याचा फोन आला. मी म्हणालो, "लागलं तर सांग, दीड तासात पोचतो." पूर्वीचा मी असतो तर त्याच संध्याकाळी कल्याणला विदर्भ एक्सप्रेस गाठली असती, कारण उशीर होईल ही धास्ती असती. दीड तासाने ती धास्तीच काढून घेतली. आज जाऊ, उद्या जाऊ, यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पहाटे फोन आला. विमान अगदी वेळेवर निघाले, वेळेवर उतरले.

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "विमानानं आलात ना, भावोजी?" मी मान हलविली. त्या म्हणाल्या, "हे रोज सकाळी गाडीच्या वेळेला दाराकडे बघायचे. म्हणायचे, तो रात्रीच्या गाडीनं निघाला असेल."