गोदामाईचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण



१९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा विशी ओलांडलेला, नुकताच कीर्तनाला उभा राहू लागलो होतो. एका गावच्या सप्ताहात मी मोठ्या आवेशाने सांगितले, की पाऊस न पडणे हे आपल्याच पूर्वकर्माचे फळ आहे. ते निमूट भोगावे आणि नाम घ्यावे. कीर्तन संपल्यावर दिवसभर खडी फोडून आलेली एक बाई पाया पडायला आली. म्हणाली, "महाराज, माझं लेकरू तीन वर्साचं हाये. त्यानं कवा पाप केलं?" मी म्हणालो, "मागच्या जन्मीचे असेल, माय." ती काही बोलली नाही, उठून निघून गेली. मी शास्त्राला धरूनच बोललो होतो. तरी ते उत्तर मला आजवर पचलेले नाही.

सज्जनहो, आपण गोदावरीला गंगा म्हणतो आणि तिचे खोरे हे संतांचेच खोरे आहे. ती ब्रह्मगिरीवर उगम पावते, त्याच्या पायथ्याशी निवृत्तिनाथ महाराजांची समाधी. प्रवरेकाठी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती प्रवरा पुढे गोदावरीलाच मिळते. आपेगाव तिच्या काठी, पैठण तिच्या काठी, जनाबाईंचे गंगाखेडही तिच्याच काठी. नामदेवरायांच्या नरसीजवळची कयाधूसुद्धा दूरवर फिरून शेवटी तिच्यातच येते. १,४६५ किलोमीटर लांबीची नदी आणि तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठे खोरे! एवढ्या खोऱ्यात कुणाच्या वाट्याला पाणी आणि कुणाच्या वाट्याला तहान, हे ठरवतो कोण? दैव की माणूस? याचा विचार आपल्याच शास्त्रातल्या तीन शब्दांनी करू: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण.

संचित म्हणजे साठत आलेले. या खोऱ्याचे संचित म्हणजे पायाखालचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. वेरूळचे कैलास लेणे याच दगडात कोरलेले आहे. हा दगड झिजून काळी कसदार माती झाली. पण पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि दगडाच्या भेगांत. अखंड पाषाणात पाण्याला जागाच नाही. म्हणून पाचशे फूट बोअर घेतले तरी पुष्कळदा नुसता फुफाटा वर येतो. जमिनीचा उतारही असा, की त्र्यंबकपासून अरबी समुद्र अवघा ऐंशी किलोमीटर असताना गोदामाई त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. यात आपला हात नाही.

प्रारब्ध म्हणजे त्या त्या वर्षी वाट्याला आलेला पाऊस. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री अडवतो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आपल्या संभाजीनगरला सातशेच्या आसपास. नदी एकच, पण माथ्याला धबधबे आणि मधल्या काठाला कोरड.

आता क्रियमाण, म्हणजे आपण आज करतो ते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे शंभर टीएमसीचा नाथसागर उभा राहिला. त्यासाठी कितीतरी गावांनी आपली घरे आणि देवळे पाण्याखाली दिली. त्यांच्या त्यागावर आपण पाणी पितो. वरच्या अंगालाही धरणे झाली. कमी पावसाच्या मुलखात ऊस वाढला. डोंगर उघडे पडले, त्यांची माती गाळ होऊन नाथसागरात बसू लागली. साऱ्या जगाच्या धुराने हवा तापली. तापलेली हवा अधिक बाष्प धरते, म्हणून आठवडाभराचा पाऊस एका रात्रीत कोसळतो आणि मग महिनाभर खंड पडतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आलेल्या पुराने उभी पिके नेली, शेतातली मातीही नेली.

इथे माझ्या त्या जुन्या उत्तरातली चूक मला दिसते. डोंगरमाथ्यावर झाड तोडणाऱ्याचे क्रियमाण हे खालच्या शेतकऱ्याचे प्रारब्ध होते. आज उपसलेले भूजल हे उद्या जन्मणाऱ्या लेकराचे प्रारब्ध होते. २०१९ च्या पावसाळ्यात पाऊस लांबला, तेव्हा आमच्या मुकुंदवाडीची शाळकरी पोरे रिकामे कॅन घेऊन रेल्वेने संभाजीनगर स्टेशनवर जात आणि पाणी भरून परत येत. ते त्या पोरांचे कर्म होते का? ते आम्हा मोठ्यांचे कर्म होते.

कुणी म्हणेल, शास्त्र तर सांगते की ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते. खरे आहे. पण हा सिद्धांत स्वतःच्या सुखदुःखाकडे पाहण्यासाठी आहे. स्वतःच्या दुःखात तो धीर देतो. दुसऱ्याच्या तहानेपुढे उच्चारला, तर तो आपली जबाबदारी झटकण्याची सबब होतो. नाथ महाराजांची कथा आपण सारे जाणतो. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. गाढवाचे प्रारब्ध काय, हे त्यांनी विचारले नाही.

वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे की नाही, यावर नाशिक, नगर आणि मराठवाडा यांचे भांडण न्यायालयापर्यंत गेले. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, ते योग्यच झाले. पण आपण नेहमी 'खालचे' म्हणूनच बोलतो. आपणही कुणाचे तरी 'वरचे' आहोत. खाम नदी आपल्या शहराचे सांडपाणी घेऊन नाथसागराकडे जाते. चिकलठाण्याजवळून जाणारी सुखना तिच्या काठच्या खालच्या गावांना काय देते, ते पुलावर उभे राहून पाहावे. वरच्याकडे हक्क मागायचा आणि खालच्याला घाण द्यायची, हा कोणता वैष्णवधर्म?

नाथषष्ठीला पैठणला जाल, तेव्हा वाड्यातला रांजण पाहा. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने जिथे पाणी वाहिले, तो रांजण आजही भाविक एकेक घागर ओतून भरतात. एका घागरीने तो भरत नाही, अनेकांच्या घागरी लागतात. नदीचेही तसेच आहे. छपराचे पाणी बोअरजवळ मुरवणे, शेताचा बांध घालणे, निर्माल्य पाण्यात न टाकता झाडाच्या मुळाशी घालणे, वारीत वाळवंटावर पत्रावळ न टाकणे, ही आपली घागर. हे केल्याने पाऊस पडेल, असे मी म्हणत नाही. पाषाण आणि पाऊस आपल्या हाती नाहीत, एवढी घागर मात्र हाती आहे.

ती माय आज भेटली, तर मी तिला सांगेन, "तुझ्या लेकराने पाप केले नाही. आमचे काही राहून गेले." पन्नास वर्षे उशीर झाला खरा. पण पुढच्या लेकराला तरी तेच जुने उत्तर द्यायची वेळ येऊ नये.

राम कृष्ण हरी.