सेवकाचे बळ

हातातील साधन मनुष्याने अधिकाधिक समर्थ करीत जावे, की आहे त्या साधनाच्या मर्यादेत समाधान मानून राहावे, हा प्रश्न नीतिविचाराला नवा नाही. संतोषाची महती आपल्या परंपरेने मुक्तकंठाने गाइली आहे. प्रयत्नाचा पुरस्कारही तिने तितक्याच आग्रहाने केला आहे. देवळातील कीर्तनात दोन्ही उपदेश ऐकून घरी परतलेल्या श्रोत्याची पंचाईत होते ती व्यवहारात. अमुक एक सुधारणा हा प्रयत्न की हव्यास, हे त्याने ओळखावे कशावरून? राज्यकारभाराची वा मोठ्या कारखान्यांची उदाहरणे घेतली, की हा प्रश्न मतमतांतरांच्या गलबल्यात हरवून जातो. म्हणून येथे एक अगदी लहान, किंबहुना पोरकट वाटेल असे उदाहरण घेण्याचे योजिले आहे. ते म्हणजे मुलांच्या खेळण्यातील एका मोटारीचे सुकाणू.

तेलंगणाच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या दक्षिणतीरी, विदर्भाला खेटून आदिलाबाद जिल्हा पसरलेला आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा तेथील बाजारात कानी पडतात. जमीन बहुतांशी कपाशीची, काळी. अशा गावातील एखाद्या मुलाच्या हाती दूरनियंत्रित ‘मॉन्स्टर ट्रक’ आला आहे, असे समजू. या खेळण्याचे मूळ अमेरिकेतले. सेंट लुईस येथील बॉब चँडलर या गृहस्थांनी आपल्या फोर्ड ट्रकला अवाढव्य चाके बसविली आणि १९८१ मध्ये तो जुन्या मोटारींच्या अंगावरून नेऊन दाखविला. तेव्हापासून या राक्षसी गाड्यांचे वेड पसरले, आणि त्यांच्या लहान प्रतिकृती बिनतारी यंत्रणेवर धावू लागल्या. खेळण्यातही चाकेच मोठी. सपाट फरशीवर ती झोकात वळतात. परंतु मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत ती गाडी सोडावी, म्हणजे खरी परीक्षा होते. जी माती बैलगाडीच्या धावेला सोडीत नाही, ती या मऊ रबरी चाकांना काय सोडणार? चाके लडबडून जड होतात. मुलगा नियंत्रकाचे चक्र डावीकडे फिरवितो, पण गाडी आपली सरळच जाते.

या अवज्ञेचे कारण ‘सर्व्हो’ नावाच्या एका डबीत असते. आगपेटीहून किंचित जाड अशा या डबीत एक चिमुकली विद्युत् मोटर, दात्यांच्या चक्रांची माळ, तिच्या बाहेरच्या आसावर एक आखूड हात आणि तो हात कोठवर वळला हे सांगणारे एक उपकरण असते. मुलाच्या हातातील नियंत्रकाकडून निघालेली आज्ञा गाडीतील रिसीव्हर ऐकतो आणि साधारणपणे एका सेकंदास पन्नास वेळा सर्व्होला विजेचे स्पंद पाठवितो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असला तर ‘मध्यावर राहा’. एक मिलिसेकंदाचा असला तर एका टोकाला, दोन मिलिसेकंदांचा असला तर दुसऱ्या टोकाला. सर्व्हो दर वेळी दोन गोष्टींची तुलना करितो: सांगितले काय, आणि आपण आहोत कोठे. दोहोंत अंतर असेल तर मोटर फिरते. अंतर मिटले की ती थांबते. आज्ञा आणि आचरण यांतील अंतर सतत मोजून ते मिटवीत राहणे, एवढाच या यंत्राचा धर्म.

त्याचे नावही अर्थपूर्ण आहे. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने १८७३ मध्ये जहाजांची सुकाणे वाफेच्या बळावर वळविणाऱ्या आपल्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘सर्व्हस’ म्हणजे दास. सुकाणूधराचा हात लहान, जहाजाचे सुकाणू प्रचंड; मध्ये एक बलवान दास उभा केला, म्हणजे लहान हाताची इच्छा मोठ्या लोखंडापर्यंत पोचते. पुढे १८९८ मध्ये निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कमधील प्रदर्शनात एक लहान नौका बिनतारी संदेशावर चालवून दाखविली. आपल्या मुलाचा ट्रक हा याच कुळातील अगदी धाकटा वंशज होय.

आता प्रश्न उभा राहतो. मुलगा म्हणतो, हा सर्व्हो काढून अधिक बळाचा बसवावा. गाडीबरोबर आलेल्या साध्या सर्व्होचे बळ तीन-चार किलोग्रॅम-सेंटिमीटर असते. म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या हाताने तो जेमतेम तीन-चार किलोंचा भार पेलू शकतो. बाजारात वीस किलोंचे, त्याहूनही अधिक बळाचे मिळतात. घरातील वडीलधारे म्हणतात, “आहे त्यात काय वाईट आहे? आमच्या लहानपणी निर्मळची लाकडी खेळणी होती. पोनिकीच्या हलक्या लाकडाची, रंगविलेली. त्यांत बदलण्याजोगे काही नव्हते, आणि आमचे काही अडलेही नाही.” निर्मळ हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे, म्हणून हा दाखला तेथे घरोघरी सुचण्यासारखा आहे. त्यात तथ्यही आहे. तथापि तो येथे लागू पडत नाही. लाकडी पोपट कोणाच्या अंगावर धावून जात नाही. ही गाडी जाते.

संतोष ही फार मोठी गोष्ट आहे. पण संतोष मानावयाचा तो आपल्या वाट्याला आलेल्या भोगाविषयी. आपल्या हातून दुसऱ्याला होऊ शकणाऱ्या अपायाविषयी संतोष मानणे याला दुसरे नाव आहे: बेफिकिरी. वेग आहे आणि वळण नाही, अशा गाडीसमोर अंगणात रांगणारे मूल आले, तर “माझा सर्व्हो दुबळा होता” हे उत्तर चालावयाचे नाही. ज्याने वेग पत्करला त्याने वळविण्याचे सामर्थ्यही मिळविलेच पाहिजे. रथोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. दक्षिणेतील मोठ्या देवळांत रथाचा दोर ओढण्यास शेकडो हात पुढे येतात. परंतु लाकडी पाचरी घेऊन चाकाशी वाकलेली जी चार-सहा जाणती माणसे असतात, त्यांच्यावर रथाची दिशा अवलंबून असते. ओढणारे दुप्पट झाले आणि पाचरीवाले तेवढेच राहिले, तर तो उत्सव नव्हे, संकट होय. म्हणून वेगवान मोटर बसविण्याआधी सुकाणू समर्थ करू पाहणाऱ्या मुलाला हव्यासी म्हणता येणार नाही. त्याने क्रम बरोबर धरला आहे.

येथवर प्रयत्नवाद्यांचा पक्ष झाला. परंतु नवा सर्व्हो बसविल्यावर जे घडते ते अधिक मननीय आहे. पहिली अडचण हाताची. एका कंपनीच्या सर्व्होच्या आसाला पंचवीस दाते, दुसरीच्या आसाला चोवीस. जुना हात नव्या आसावर बसत नाही आणि बळाने बसविला तर दाते झिजून जातात. दुसरी अडचण विजेची. सर्व्हो आणि रिसीव्हर या दोघांना बहुधा एकाच लहानशा मंडलातून वीज मिळते. चाक चिखलात अडले की बलवान सर्व्हो आपले सारे बळ लावतो आणि काही अँपिअर वीज एकदम ओढून घेतो. त्यामुळे दाब इतका उतरतो, की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. म्हणजे आज्ञा पाळण्यासाठी आणलेल्या दासाची भूक एवढी वाढते, की आज्ञा ऐकणारा कानच बधिर होतो! तिसरी अडचण दात्यांची. प्लॅस्टिकचे दाते मोडतात म्हणून धातूचे आणले, तर आता चाकापर्यंत जाणारी दांडी वाकते. दांडी पोलादी केली, तर चाकाचा सांधा तडकतो. दुबळेपणा नाहीसा होत नाही. तो आपली जागा तेवढी बदलतो. वाढविलेल्या प्रत्येक बळाचा भार कोणावर तरी पडतोच, आणि तो कोणावर पडला हे पाहिल्यावाचून जो बळ वाढवितो, त्याची सुधारणा म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर सरकविलेले ओझे ठरते.

खांद्यावरून आठवण झाली. आदिलाबाद आणि विदर्भ या दोन्ही बाजूंचा शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकतो. शिंगे रंगविणे, झूल घालणे हे सारे दुसऱ्या दिवशीचे. आधी मान मिळतो तो जू जेथे बसते त्या जागेला. भार कोठे पडतो हे या साध्या आचाराने नेमके ओळखले आहे. नवे बळ घरात आणणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: याचे जू कोणाच्या खांद्यावर बसणार?

या गाड्या घडविणाऱ्यांनी त्याचे एक सुंदर उत्तर शोधून ठेविले आहे. सर्व्होचा हात आणि चाकाची दांडी यांच्यामध्ये ते एक स्प्रिंग बसवितात. चाक धोंड्यावर आदळले की तो धक्का सरळ दात्यांवर जात नाही; स्प्रिंग क्षणभर नमते, धक्का ओसरला की पूर्ववत् होते. ती फार मऊ असेल तर वीस किलोंचे बळ तिच्यातच जिरते आणि चाक हलत नाही; ती मुळीच नमणारी नसेल तर पहिल्याच दगडाला दात्यांचा चुरा होतो. बळ वाढविले तर नमण्याची शक्तीही त्या प्रमाणात नव्याने बेतावी लागते. क्षमा हे वीराचे भूषण आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ती शोभेची वस्तू समजतो. पण ही स्प्रिंग शोभेसाठी नाही. तिच्यावाचून ते सामर्थ्य एक दिवसही टिकत नाही. जो बापमाणूस घरात कधीच नमत नाही, त्याच्या घरी मोडतात ते आतले दाते. बाहेरून ते दिसतही नाहीत.

आणि एवढे सारे जुळून आले तरी एक उणीव राहतेच. सर्व्होला आपल्या हाताची स्थिती कळते. चाकाची कळत नाही. दांडी सैल झाली असेल, स्प्रिंग नमली असेल, चाक चिखलात तसेच तिरके अडकले असेल. परंतु आपला हात सांगितलेल्या अंशावर पोचला की सर्व्होच्या हिशेबी कर्तव्य संपले. त्याला विचाराल तर अंतर शून्य आहे! असे सेवक आपल्या परिचयाचे आहेत. कागद पुढच्या टेबलावर पाठविला की ज्यांचे काम संपते, विधवेला निवृत्तिवेतन मिळाले की नाही हे ज्यांच्या मोजमापात येतच नाही, ते खोटे बोलत नसतात. ते आपल्या हातापुरते अगदी खरे असतात. अशा सेवकाचे बळ पाचपट केले, तरी त्याची दृष्टी तेवढीच राहते.

याउलट बैल. बाजारहून परतताना गाडीवान कासरा सैल सोडून डुलक्या घेतो आणि बैल त्याला घरी आणून पोचवितात. कारण त्यांना आपल्या पायांइतकीच वाटही कळते. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी म्हटली आहे. लगाम कितीही पक्का असला, तरी वाट पाहण्याचे काम लगामाचे नव्हे, सारथ्याचे. सर्व्हो हा लगामाच्या जातीचा आहे. तो बळकट करणे उचित आहे. परंतु त्यामुळे आपले डोळे मिटण्याची मुभा मिळाली असे समजणे हा घात होय. नियंत्रक हाती घेऊन उभा असलेला मुलगा चाकाकडे पाहतो, गाडी न वळल्यास चक्र आणखी फिरवितो, वेग कमी करितो. दासाला न दिसणारे अंतर तो आपल्या डोळ्यांनी भरून काढितो. तो पाहीनासा झाला, तर वीस किलोंचे बळ आंधळ्याच्या हातातील काठी ठरेल, आणि तीही दुसऱ्याच्या अंगावर पडणारी.

प्रयत्न आणि हव्यास यांतील भेद आता पुष्कळसा स्पष्ट व्हावा. ज्या सुधारणेने आपला शब्द आणि आपली कृती यांतील अंतर घटते, तो प्रयत्न. जिच्यामुळे केवळ आवाज, वेग आणि शेजाऱ्याचा हेवा वाढतो, तो हव्यास. या कसोटीवर आदिलाबादच्या त्या मुलाची मागणी उतरते. म्हणून वडिलांनी त्याला नवा सर्व्हो अवश्य द्यावा. मात्र त्याच्यासोबत वीज पुरविणारे निराळे मंडल आणि बेताची स्प्रिंगही द्यावी. मग पावसाने उघडीप दिल्यावर त्याला शेताच्या बांधावर उभे करून सांगावे, की बाळ, चक्र किती फिरविलेस ते पाहू नकोस. चाक वळले का, तेवढे पाहा.