परतीची शेवटची गाडी

अकोले तालुक्यात बदली होऊन आलेला माणूस खोली शोधायला निघाला की घरमालक ठरलेल्या गोष्टी विचारतो. माणसे किती, डिपॉझिट किती देणार, गाव कुठले. भाडेकरूही ठरलेलेच विचारतो. पाणी किती वेळ येते, लाइटबिल वेगळे का, मोबाइलला रेंज आहे ना. ज्याच्याकडे मोटार नाही आणि ज्याला दुचाकी चालवता येत नाही किंवा चालवायची नाही, त्याने या सगळ्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी. तीही घरमालकाला नव्हे, स्टँडवरच्या चौकशी खिडकीत. कामाच्या गावाहून परत येणारी शेवटची गाडी किती वाजता? पहिली गाडी सगळेच विचारतात. पहिली चुकली तर उशिरा पोचल्याची बोलणी खावी लागतात, शेवटची चुकली तर रात्र कुठे काढायची हा प्रश्न पडतो.

शहरातला माणूस घर घेताना अंतर मोजतो, मुंबईकर स्टेशनपासूनची मिनिटे मोजतो. अकोल्यात अंतर फसवे आहे. तालुका तीन खोऱ्यांत विभागलेला आहे. मधून प्रवरा, दक्षिणेला मुळा, उत्तरेला आढळा, आणि मध्ये डोंगराच्या रांगा. राजूर, रंधा, शेंडी प्रवरेच्या अंगाला, कोतूळ मुळेच्या काठी, समशेरपूर-देवठाण आढळेच्या खोऱ्यात. तालुक्याचा कणा म्हणजे कोल्हार-घोटी रस्ता. तो संगमनेरहून येतो, अकोल्यातून राजूरकडे चढतो, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून पुढे घोटीला उतरतो. या रस्त्यावर राहणारा आणि या रस्त्यापासून चार किलोमीटर आत राहणारा, हे दोघे एकाच तालुक्याचे रहिवासी असले तरी त्यांचे दिवस वेगळे उगवतात. खोरे बदलायचे असेल तर नकाशावर बोटभर दिसणाऱ्या अंतरासाठी बहुतेक वेळा अकोले स्टँडवर उतरून दुसरी गाडी धरावी लागते. ती समोर लागलेली असली तर नशीब.

सेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली, याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या कामाचा आधार घेऊन, एक गमतीची गोष्ट मांडली होती. माणूस कुठल्याही काळातला असो, रोजच्या जाण्यायेण्याला सरासरी तासभर देतो. पायी चालणारा होता तेव्हा गाव तेवढेच लहान होते. आगगाडी आली, मोटार आली, तेव्हा वाचलेला वेळ माणसाने घरी काढला नाही, घरच लांब नेले. विचार पटण्यासारखा आहे, पण त्यात वाट पाहण्याचा वेळ वेगळा दिसत नाही. अकोले ते संगमनेर बावीस-तेवीस किलोमीटर, राजूरही साधारण तेवढेच, दिशा उलटी. दोन्हीकडे गाडीत बसल्यावर तासाच्या आत माणूस पोचतो. फरक पडतो तो बसण्याआधी. आडबाजूच्या गावाहून निघणाऱ्याचा प्रवास अर्ध्या तासाचा आणि ताटकळणे दोन तासांचे, हे गणित मार्केटींच्या तासात कुठे बसवायचे?

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी, उपयोगी आणि कुणालाच दोष देता येणार नाही अशी व्यवस्था आहे. तिचे नाव मुक्कामी गाडी. संध्याकाळी अकोल्याहून सुटते. बाजार करून निघालेले लोक, तहसिलीत दिवस घालवलेले लोक, पिशव्या, खताची गोणी, एखादे कोंबडीचे डालगे. शेवटच्या गावी गाडी पारावर किंवा देवळासमोर उभी राहते. चालक-वाहक कधी देवळात, कधी शाळेच्या ओट्यावर, पावसाळ्यात गाडीतच पथारी टाकतात. भल्या पहाटे चालक काचेवर बादलीभर पाणी मारतो, इंजिन दोनदा खाकरते, आणि अंधारातून माणसे येऊ लागतात. कॉलेजची पोरे, दवाखान्यात निघालेली म्हातारी आणि तिला धरून सून, दाखल्यासाठी निघालेला एखादा. कुणीतरी बाई धावत येते, कापडी पिशवीत बांधलेला डबा वाहकाच्या हाती देते. डबा संगमनेरला किंवा अकोल्यात खोली करून राहणाऱ्या मुलाचा असतो, तो स्टँडवर येऊन घेऊन जाईल. वाहक दोनदा घंटी मारतो, गाडी उताराला लागते.

ही सगळी माणसे खाली जातात. गावाकडून तालुक्याकडे. आणि त्याच वेळी खाली अकोल्यात खोली घेऊन राहणारी शिक्षिका, उपकेंद्राची परिचारिका, ग्रामसेवक यांना वर जायचे असते. त्यांना हवी ती गाडी सकाळी वर जात नाही, कारण ती आदल्या संध्याकाळीच वर गेलेली असते. ती त्यांना वाटेत समोरून भेटते, खच्चून भरलेली. संध्याकाळी तेच उलट. हे घरी यायला खाली निघतात तेव्हा गाडी वर चढत असते.

म्हणजे मुक्कामी गाडीने एक गोष्ट न सांगता ठरवून टाकली आहे. गावात राहून तालुक्याला काम करणाऱ्याची सोय होईल, तालुक्याला राहून गावात काम करणाऱ्याची होणार नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे आणि आपल्याच जिल्ह्याच्या, तेव्हाच्या अहमदनगर शहराच्या मध्ये. पुढे ‘गाव तेथे एसटी’ म्हणत ती डोंगरात शिरली तेव्हा हिशेब स्वच्छ होता. शाळा, दवाखाना, कचेरी, बाजार खाली आहे, माणूस वर आहे, त्याला सकाळी खाली आणायचे आणि रात्री घरी सोडायचे. तो हिशेब आजही खरा आहे. मात्र मधल्या काळात वरच्या गावांतही शाळा झाल्या, उपकेंद्रे झाली, अंगणवाड्या झाल्या, आणि तिथे काम करणारी पगारदार माणसे उलट्या दिशेने वाहू लागली. वेळापत्रक त्यांच्यासाठी लिहिलेले नव्हते.

सरकारचे म्हणणे असे की त्यांनी वाहूच नये, मुख्यालयी राहावे. शिक्षकाने, ग्रामसेवकाने नेमणुकीच्या गावी राहायचे हा नियम जुनाच, पण २०१९ च्या शासन निर्णयाने त्याला ग्रामसभेच्या ठरावाची जोड दिली. म्हणजे अमुक कर्मचारी आमच्या गावी राहतो, असे गावानेच ठरावाने सांगायचे. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी गावी न राहता घरभाडे भत्ता घेणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न लावून धरला, शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या, आणि काही आठवडे वर्तमानपत्रांत निष्ठा, कर्तव्य, अपमान, अस्मिता असे सगळे शब्द येऊन गेले. गाडी किती वाजता जाते, हे कुणी लिहिल्याचे मला आठवत नाही.

गावात राहण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. गावातच राहणारी परिचारिका रात्री दोन वाजता उपयोगी पडते, अपडाऊन करणारी पडत नाही, एवढे एकच कारण पुरेसे आहे. पण डोंगरातल्या लहान गावात भाड्याने द्यायला वेगळी खोली असते का? घर असते, त्यात घरची माणसे असतात. आणि कर्मचाऱ्याच्या नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी तिसऱ्याच ठिकाणी असली, मूल दहावीला असले, तर बिऱ्हाड एका नोकरीच्या दारात कसे लावायचे? त्याला सगळ्यांच्या मध्यावर राहावे लागते. तो मध्य बहुधा अकोले असतो, पुष्कळदा संगमनेर.

संगमनेरला राहून अकोले तालुक्यात नोकरी करणाऱ्यांना सुखवस्तू म्हणून नावे ठेवायची पद्धत आहे. मला त्यांचे गणित पक्के वाटते. संगमनेर पुणे-नाशिक महामार्गावर आहे. तिथे रात्री-अपरात्री उतरले तरी हालचाल असते, रिक्षा असते, आणि महामार्गाच्या दोन्ही दिशांना गाड्या असतात. भाडे जास्त, अंतर जास्त, पण अडकण्याची भीती कमी. हीच गोष्ट लहान प्रमाणात फाट्यावर घडते. रस्त्यापासून आत असलेल्या गावात एका गाडीची वाट पाहायची, आणि तेच गाव जिथे मुख्य रस्त्याला मिळते त्या फाट्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या, काळी-पिवळी, एखादा ओळखीचा टेम्पो, सगळे जाते. मोटार नसलेल्याने आतल्या गावातल्या ऐसपैस घरापेक्षा फाट्यावरची पत्र्याची खोली धरावी, असे माझे मत आहे. उन्हाळ्यात ती तापते, हे मान्य.

पुरुष कर्मचारी या कटकटीतून मोटारसायकल घेऊन सुटतात, म्हणून या कटकटीची चर्चा होत नाही. राजूरकडे चढणाऱ्या विठा घाटात जुलैच्या धुक्यात, पुढचे वळण दिसत नसताना, रोज दुचाकी घालणे ज्यांना जमत नाही किंवा झेपत नाही, त्यांच्यासाठी चर्चा उरते. त्यात बायका अधिक, पन्नाशीपुढचे लोक, नजर अधू झालेले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. रोज संगमनेरला जाऊन शिकणे किंवा दुकानात, दवाखान्यात काम करणे त्यामुळे अनेकींच्या आवाक्यात आले, हे कबूल करायलाच हवे. पण सवलत धावणाऱ्या गाडीलाच लागू होते. सहानंतर गाडीच नसेल तर तिकीट अर्धे असो की पूर्ण, मुलीला सहाच्या आत घरी यावे लागते, आणि सहाच्या आत सुटणारीच नोकरी धरावी लागते. ऑक्टोबर २०२१ अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा हे उघडे पडले. गाडीच्या भरवशावर घर निवडलेल्यांपुढे दोनच वाटा होत्या, जीपवाला मागेल ते द्या नाहीतर घरी बसा. आणि जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही.

दुसऱ्या बाजूला, रोजची ये-जा होणारच नाही हे गृहीत धरून उभ्या राहिलेल्या व्यवस्थाही याच तालुक्यात आहेत. राजूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि त्याच्या हाताखाली आश्रमशाळा. आश्रमशाळेकडे आपण शिक्षणाची योजना म्हणून पाहतो. मला ती वाहतुकीचीही योजना वाटते, मूल रोज आणता येत नाही म्हणून ते तिथेच ठेवायची. वर सांगितलेला खोलीवरचा मुलगा आणि एसटीने येणारा त्याचा डबा ही त्या योजनेचीच खासगी आवृत्ती. माणूस रोज हलू शकत नाही, म्हणून भाकरी हलते.

आणि ज्यांना निवडच नाही, त्यांचे काय? पश्चिमेकडच्या डोंगरातली आदिवासी कुटुंबे शेतीचे काम संपले की घाट उतरून जुन्नर तालुक्यात जातात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभी राहतात, काम मिळेल त्या मळ्यावर जातात, तिथेच आसपास राहतात. कामाच्या दारात राहण्याचा सरकारी आदर्श कुणी शंभर टक्के पाळत असेल, तर ही माणसे. त्यांच्यासाठी कुठल्या ग्रामसभेच्या ठरावाची गरज पडत नाही.

डोंगर आहेत म्हणून गाड्यांचे जमत नाही, असे म्हणायची सोय आपल्याला स्वित्झर्लंड ठेवत नाही. तिथे मे १९८२ मध्ये देशभरात तासाच्या ठोक्याचे वेळापत्रक आले. गाडी दर तासाला त्याच मिनिटाला येते, आणि डोंगरातल्या खोऱ्यांत जाणारी पिवळी पोस्टाची बस आगगाडीची वेळ धरून उभी असते. तो देश श्रीमंत आहे हे खरे. पण दोन गाड्यांनी एका ठिकाणी एका वेळी भेटावे, याला पैशापेक्षा वेळापत्रक लिहिणाऱ्याचा विचार जास्त लागतो. अकोले स्टँडवर मुळा खोऱ्यातून आलेली गाडी आणि आढळेकडे जाणारी गाडी दहा मिनिटांच्या अंतराने लागल्या, तर तीन खोऱ्यांचा तालुका एक होईल. त्यासाठी बोगदा खणायला नको.

आगाराकडे यावर एक पक्के उत्तर असते. सकाळी वर जाणारी गाडी रिकामी धावेल, किलोमीटरमागे उत्पन्न बसणार नाही. उत्तर खोटे नाही, पण तपासून पाहण्याजोगे आहे. एखाद्या मार्गावर वर किती शाळा, किती उपकेंद्रे, किती अंगणवाड्या आहेत आणि त्यांतली किती माणसे खालून येतात, हे गावाला तोंडपाठ असते. कर्मचारी आमच्याच गावी राहतो असा ठराव ग्रामसभा करते तेव्हा तो कुठे राहतो हेही तिला ठाऊक असते. त्याच बैठकीत दुसरा ठराव करून, सकाळी आठला अकोल्याहून वर येणारी आणि सहाला खाली जाणारी गाडी हवी, सोबत माणसांची यादी, असे आगाराला पाठवता येईल. मोटारसायकलचे हप्ते सुरू असलेली माणसे त्या गाडीत बसतील का, याची हमी मी देत नाही. पण बदल्या दरवर्षी होतात, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी अजून मोटारसायकल घेतलेली नाही.